वेडाचे कौतुक आणि वेड्यांचे चेहरे

१८०९ साली लंडनमधील गोल्डन स्क्वेअरजवळच्या ब्रॉड स्ट्रीटवर, पायमोजे विकणाऱ्या आपल्या भावाच्या घरी, विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने स्वतःच्या १६ चित्रांचे प्रदर्शन भरवले. प्रेक्षक फारसे फिरकले नाहीत, आणि जे एकमेव परीक्षण छापून आले ते ‘एक्झॅमिनर’ या साप्ताहिकात रॉबर्ट हंटने लिहिलेले होते. त्यात ब्लेकचा उल्लेख ‘दुर्दैवी वेडा’ असा होता, आणि हा गृहस्थ निरुपद्रवी आहे म्हणूनच अजून बाहेर मोकळा आहे, अशी पुस्तीही होती. ब्लेक तेव्हा ५१ वर्षांचा होता.

ज्याला हंट वेडा म्हणत होता त्या माणसाची रोजची मेहनत कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. चौदाव्या वर्षी जेम्स बझायर या उत्कीर्णकाकडे उमेदवारीला लागून त्याने सात वर्षे तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरल्या होत्या, आणि पुढे छपाईची एक स्वतःचीच रीत बसवली होती. आम्लाला दाद न देणाऱ्या रोगणाने पत्र्यावर मजकूर आणि चित्र एकत्र काढायचे, पत्रा आम्लात ठेवून मोकळा भाग झिजू द्यायचा, उठून राहिलेल्या भागाला शाई लावून कागदावर दाब द्यायचा, आणि मग त्याने व त्याची बायको कॅथरिन हिने एकेक प्रत हाताने रंगवायची. छापल्यावर अक्षरे सुलटी यावीत म्हणून पत्र्यावर ती उलटी लिहावी लागत, आणि ब्लेकने अशी पानेच्या पाने लिहिली. त्याला देवदूत दिसत असत हे खरे. पेकहॅम राय येथे झाडाच्या फांद्यांवर बसलेले देवदूत आपण लहानपणी पाहिले, असे तो सांगत असे. परंतु देवदूत पाहणारा आणि उलट्या अक्षरांनी न चुकता पान भरणारा माणूस एकच होता, आणि लोकांच्या लक्षात मात्र त्यातला देवदूत पाहणारा तेवढा राहिला.

वर्ड्‌स्वर्थचे ब्लेकबद्दलचे एक मत रोजनिशीकार क्रॅब रॉबिन्सनच्या टिपणांतून आपल्यापर्यंत आलेले आहे. या बिचाऱ्याला वेड लागले होते यात शंका नाही, पण बायरन आणि वॉल्टर स्कॉट यांच्या शहाणपणापेक्षा या माणसाच्या वेडात मला अधिक रस वाटतो, असा त्याचा आशय आहे. हंटच्या लेखणीतून जी शिवी म्हणून उतरली होती, तीच येथे शिफारस झाली आहे. रोमँटिक काळाने, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या अर्धशतकाने, वेडाचे जे केले ते या दोन वाक्यांमधल्या अंतरात सापडते. आपल्याकडे एखाद्या गायकाच्या किंवा चित्रकाराच्या मृत्युलेखात ‘अवलिया’ आणि ‘कलंदर’ ही विशेषणे आली नाहीत तर लेख अपुरा वाटतो. त्या सवयीचेही एक मूळ याच काळात आहे, असे मला वाटते.

प्रतिभा आणि वेड शेजारी राहतात, हे तोवर कोणी म्हटले नव्हते असे नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात, तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत नाव काढणारी माणसे उदास प्रकृतीची का असतात, असा प्रश्न विचारलेला आहे, आणि ड्रायडनने १६८१ मध्ये तीच गोष्ट एका सुटसुटीत ओळीत बसवली. परंतु हे सारे सुभाषिताच्या पातळीवर होते. ज्या चित्रकाराला चर्च किंवा दरबार काम देत असे, त्याच्याकडून ठरल्या मुदतीत ठरल्या मापाचे चित्र हवे असे, आणि त्याच्या मनात काय चालले आहे याची चौकशी करण्याचे कोणाला कारण नव्हते. अठराव्या शतकाच्या शेवटी हे गणित बदलले. चित्र आता सार्वजनिक प्रदर्शनात अनोळखी गर्दीपुढे टांगले जाऊ लागले, आणि त्या गर्दीत वेगळे दिसण्यासाठी चित्रकाराला स्वतःच्या वेगळेपणाचीच गरज पडू लागली. १७९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने लिहिले की प्रतिभा ही कलेला नियम घालून देणारी नैसर्गिक देणगी आहे, म्हणजे ती शिकवता येत नाही. जे शिकवता येत नाही, ते कोठून येते हे सांगायला मग एखादी गूढ जागा लागते.

ती जागा वैद्यकाने नकळत पुरवली. पॅरिसमध्ये फिलिप पिनेलने १८०१ साली मनोविकारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वेड लागलेल्या माणसातही विवेकाचा काही अंश शिल्लक असतो, म्हणून त्याच्याशी बोलता येते, त्याच्यावर उपचार करता येतात, असे प्रतिपादन केले. रुग्णांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. पण वेडा आणि शहाणा यांच्यामधली भिंत पातळ आहे असे एकदा वैद्यानेच म्हटल्यावर, कवींना आणि चित्रकारांना त्या भिंतीला कान लावण्याचा मोह होणे साहजिक होते.

या मोहाला एक नायकही मिळाला. सोळाव्या शतकातील इटालियन कवी तोर्क्वातो तास्सो १५७९ पासून १५८६ पर्यंत फेरारा येथील सांत’आन्ना रुग्णालयात बंदिस्त होता. गटेने त्याच्यावर नाटक लिहिले, बायरनने १८१७ मध्ये त्याच्या तोंडी एक विलापिका घातली, आणि फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने त्याला दोनदा रंगवले. १८३९ च्या चित्रात तास्सो सैल कपड्यांत बसलेला आहे, त्याची हस्तलिखिते इतस्ततः पडली आहेत, आणि गजांमधून बघे आत डोकावत आहेत. चित्र सुरेख आहे आणि त्यातील अर्थ उघड आहे: आत बसला आहे तो थोर, आणि बाहेरचे शहाणे म्हणवणारे क्षुद्र. मला या चित्राबद्दल आदर वाटतो, पण विश्वास वाटत नाही. हे वेडाचे चित्र नाही. आपल्याला कोणी ओळखत नाही असे वाटणाऱ्या प्रत्येक तरुण कलावंताच्या तक्रारीचे ते चित्र आहे, आणि वेड हा त्या तक्रारीवर चढवलेला पोशाख आहे.

ही तक्रार पुढे इंग्रजी कवितेच्या वाटेने मराठीतही आली. केशवसुतांच्या १८९३ मधील ‘झपूर्झा’त “व्यर्थीं अधिकचि अर्थ वसे, तो त्यांस दिसे, ज्यां म्हणति पिसे” असे म्हटले आहे, आणि ती ओळ वाचताना मला नेहमी वर्ड्‌स्वर्थचे ते ब्लेकबद्दलचे मत आठवते. अर्थात केशवसुतांना संतांची उन्मनी अवस्थाही ठाऊक होती, त्यामुळे त्यांच्या पिशाला दुसराही एक वारसा आहे. पण तो विषय येथे वाढवत नाही.

देलाक्रवा ज्याला गुरुस्थानी मानत असे, आणि ज्याच्या एका प्रचंड चित्रात पालथ्या पडलेल्या देहासाठी तो स्वतः मॉडेल म्हणून बसला होता, त्या तेओदोर जेरिकोने मात्र हाच विषय अगदी दुसऱ्या हाताने हाताळला. जेरिकोचा जन्म १७९१ मध्ये रुआँ येथे झाला आणि १८२४ च्या जानेवारीत, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला. अल्पायुष्य, घोड्यांचे वेड, सख्ख्या मामाच्या तरुण पत्नीशी प्रेमसंबंध आणि त्यातून १८१८ मध्ये झालेला मुलगा, एवढ्या भांडवलावर कोणीही रोमँटिक नायक उभा करील, आणि लोकांनी तो केलाही.

त्याच्या दंतकथेचा कळस म्हणजे ‘मेड्यूझचा तराफा’ रंगवतानाचे दिवस. मेड्यूझ ही फ्रेंच आरमाराची नौका २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर रुतली. तिचा कप्तान शोमारे वीसेक वर्षे समुद्रावर गेलेला नव्हता. राजनिष्ठेच्या जोरावर त्याला हे पद मिळाले होते. होड्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा सुमारे दीडशे माणसांना घाईने बांधलेल्या तराफ्यावर चढवण्यात आले, आणि होड्यांनी तो ओढत न्यायचे ठरले असता त्याचा दोर सोडून देण्यात आला. तेराव्या दिवशी दुसऱ्या जहाजाला तराफा सापडला तेव्हा त्यावर १५ माणसे जिवंत होती, आणि मधल्या काळात त्यांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले होते.

जेरिकोने हे चित्र काढण्यासाठी डोक्यावरचे केस पूर्ण उतरवले, समाजात ये-जा बंद केली, आणि कित्येक महिने तो कार्यशाळेत जवळजवळ कोंडून घेऊन राहिला. रुग्णालयातून कापलेले हात-पाय आणून ते सडू लागेपर्यंत त्याने त्यांचे अभ्यास रंगवले. एवढे सांगून थांबले की माणूस भ्रमिष्ट ठरतो. पण त्याच महिन्यांत त्याने आणखी काय केले ते पाहावे. तराफ्यावरून वाचलेले शल्यवैद्य साव्हिन्यी आणि अभियंता कोरेआर यांना गाठून त्याने त्यांच्याकडून सारी हकीकत काढून घेतली. जहाजावरच्या सुताराकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करवून घेतली आणि तिच्यावर मेणाच्या आकृत्या मांडून पाहिल्या. बोझाँ रुग्णालयात जाऊन मरणाऱ्या माणसांच्या त्वचेचा रंग कसा बदलत जातो याची निरीक्षणे केली. बंडाचा क्षण, नरमांसभक्षणाचा क्षण, सुटकेचा क्षण अशी वेगवेगळी रेखाटने करून त्याने ती बाजूला ठेवली, आणि शेवटी दूरवर जहाज दिसते आहे पण ते आपल्याकडे येईल की नाही हे ठाऊक नाही, असा एक क्षण निवडला. मुंडणही मला त्याच हिशेबातले वाटते: बाहेर मिरवण्याची सोयच ठेवायची नाही, म्हणजे काम पुरे होते.

लूव्रमध्ये त्या ४.९१ बाय ७.१६ मीटरच्या चित्रापुढे उभे राहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. तेरा दिवस उपाशी असलेल्या या माणसांचे देह खंगलेले नाहीत. ते मायकेलअँजेलोच्या देहांसारखे भरदार आहेत. ज्याने मरणारी माणसे जवळून पाहिली होती, त्याने खंगलेले देह न काढण्याचा निर्णय घेतला, आणि निर्णय घेणे हे शुद्धीवर असलेल्या माणसाचे काम आहे. १८१९ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, चित्राला पदक मिळाले, पण सरकारने ते विकत घेतले नाही. त्या शरद ऋतूत जेरिकोची प्रकृती ढासळली, मनही ढासळले, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. यात मला खोटे काही वाटत नाही. एवढेच, की ढासळणे चित्रानंतरचे आहे. ते चित्राची किंमत असेल, चित्राचे कारण नव्हे.

यानंतरच्या तीनचार वर्षांत केव्हातरी त्याने मनोरुग्णांची ती व्यक्तिचित्रे काढली, आणि माझ्या मते वेडाविषयी त्या शतकाने जे काही रंगवले त्यात त्यांना तोड नाही. आज पाच चित्रे ज्ञात आहेत आणि ती पाच गावांत विखुरली आहेत: लियाँ, पॅरिस, गेंट, विंटरथुर आणि अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड.

लियाँमधील म्हातारी पाहा. चित्र मोठे नाही, ७२ बाय ५८ सेंटिमीटर. डोक्यावर झालरीची पांढरी टोपी, तिच्या कडेने सुटलेले पांढरे केस, मागे तपकिरी काळोख. डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या आहेत, आणि नजर आपल्यावर नाही. चौकटीच्या बाहेर, थोडी खाली, कशावर तरी खिळलेली आहे. ओठ मिटलेले आहेत, पण सैल नाहीत. गाल आणि कपाळ यांवरचा रंग पातळ आणि भराभर लावलेला आहे. टोपीच्या झालरीवर तर कुंचला अक्षरशः दोनचार फटक्यांत फिरून गेलेला आहे, आणि डोळ्यांजवळ आल्यावर मात्र त्याची चाल मंदावली आहे. विंटरथुरमधील माणूस स्वतःला सेनापती समजतो. त्याच्या टोपीला गोंडा आहे, गळ्यात दोरीला अडकवलेला रुग्णालयाचा क्रमांकाचा बिल्ला आहे, तो त्याने पदकासारखा मिरवला आहे, आणि एका खांद्यावरून घेतलेले कांबळे लष्करी झग्यासारखे पडले आहे. या चित्राची थट्टा करणे किती सोपे होते! जेरिकोने ती केलेली नाही. बिल्ला बिल्लाच दिसतो आणि चेहरा खरोखरीच एखाद्या थकलेल्या अधिकाऱ्याचा दिसतो.

पाचही चित्रांची मांडणी एकच आहे: अर्धाकृती, गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश, हात दाखवलेले नाहीत. त्या काळी नोटरी, व्यापारी, निवृत्त सरदार यांची व्यक्तिचित्रे याच मांडणीत काढली जात. साखळदंड नाहीत, गवताचा बिछाना नाही, दात विचकलेले नाहीत. याआधीचे वेड्यांचे चित्रण आठवले म्हणजे हे किती नवे होते ते कळते. होगार्थच्या १७३५ च्या प्रसिद्ध चित्रमालिकेत उधळ्या नायकाचा शेवट लंडनच्या बेडलम वेड्यांच्या रुग्णालयात होतो. तेथे एक जण राजा बनून बसला आहे, एक भिंतीवर रेखांश शोधतो आहे, आणि दोन नटव्या बायका पंखा घेऊन गंमत पाहायला आल्या आहेत. जेरिकोने ती गंमत पाहणारी बाई चित्राबाहेर काढली, आणि तिची जागा आपल्याला दिली.

या चित्रांमागे एतिएन-जाँ जॉर्जे हा तरुण वैद्य होता, असे सांगितले जाते. हा पिनेलचा वारसदार जो एस्किरोल, त्याचा शिष्य. साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणारा. वयाने जेरिकोहून चार वर्षांनी लहान. एस्किरोलने ‘मोनोमेनिया’ ही कल्पना पुढे आणली होती: माणूस इतर सर्व बाबतींत शहाणा असतो, आणि एकाच कल्पनेच्या किंवा एकाच ओढीच्या बाबतीत त्याचा ताबा सुटतो. जॉर्जेने १८२० मध्ये वेडावर ग्रंथ लिहिला आणि १८२५ मध्ये गाजलेल्या खुनाच्या खटल्यांची वैद्यकीय चिकित्सा प्रसिद्ध करून, अशा माणसांना फासावर चढवणे चूक आहे, त्यांची जागा रुग्णालयात आहे, अशी बाजू मांडली. न्यायाधीश त्याला विचारीत की हा माणूस तर नीट बोलतो, नीट चालतो, मग हा वेडा कसा? त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आरडाओरडा करणारा वेडा दाखवून चालणार नव्हते. शांत बसलेल्या माणसाकडेच नीट पाहावे लागणार होते. जेरिकोची चित्रे जॉर्जेने मागवली असोत वा नसोत, ती त्याच पाहण्यातून आलेली आहेत.

मोनोमेनिया हे निदान पुढच्या काही दशकांत वैद्यकातून बाद झाले, आणि चेहऱ्यावरून आजार ओळखण्याचा भरवसाही ओसरला. मला वाटते चित्रांचे यात काही नुकसान झालेले नाही. गेंटमधल्या चित्राखाली ‘चोरीचे वेड’ असे लिहिलेले असते. ती पाटी झाकून पाहिले तर विस्कटलेल्या केसांचा, खुरट्या दाढीचा, रात्रीची झोप न झालेला एक माणूस दिसतो, आणि चोरी त्यात कोठेही नसते. पाटी जॉर्जेच्या शास्त्राची, चेहरा जेरिकोचा.

आता या चित्रांच्या शोधाची गोष्ट. जॉर्जे १८२८ मध्ये वारला. १८६३ साली लुई व्हियार्दो या कलालेखकाने जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे लाशेझ नावाच्या वैद्याकडे ही पाच चित्रे पाहिली आणि पॅरिसला पत्र पाठवून कळवले. मूळ चित्रे दहा होती, ती साल्पेत्रिएरच्या रुग्णांची होती, आणि प्रत्येकाला कोणते वेड होते, ही सारी माहिती त्या पत्रातून आलेली आहे. साल्पेत्रिएर हे बायकांचे रुग्णालय होते आणि पाचांपैकी तीन चित्रे पुरुषांची आहेत, ही अडचण त्या पत्राला सोडवता येत नाही. पुढे आणखी एक मजला चढवण्यात आला: जेरिको स्वतःच जॉर्जेचा रुग्ण होता आणि बरे झाल्याबद्दल कृतज्ञतेने त्याने ही चित्रे दिली. याला कागदाचा एक कपटाही आधार नाही. तरीही ही गोष्ट टिकली, कारण चित्रे उजेडात आली तो काळ तिच्यासाठी तयार होता. एस्किरोलचाच दुसरा एक शिष्य, मोरो द तूर, याने १८५९ मध्ये प्रतिभा हा मज्जासंस्थेचा विकार आहे असे प्रतिपादन केले होते, आणि १८६४ मध्ये इटलीत लोम्ब्रोझो नावाचा वैद्य हाच सिद्धांत घेऊन उभा राहिला. कवींनी कौतुकाने म्हटलेले आता वैद्य रोगलक्षण म्हणून सांगत होते, आणि वेड्यांची चित्रे काढणारा चित्रकार स्वतः वेडा असणार हे कोणाला सिद्ध करून दाखवावेसेही वाटत नव्हते.

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या बाबतीत हेच घडले, आणि अधिक जोराने. १७९२-९३ च्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती कायमची गेली. त्यातून उठल्यावर त्याने टिनाच्या पत्र्यांवर काही लहान चित्रे काढली, त्यांत वेड्यांच्या आवाराचे एक आहे: उंच भिंती, वरून उतरणारा राखी उजेड, दोन नग्न माणसे झोंबी घेत आहेत आणि रखवालदार त्यांना चाबकाने मारतो आहे. हे आतल्या मनाचे भयंकर दर्शन आहे असे म्हणण्यापूर्वी, गोयाने १७९४ च्या जानेवारीत इरिआर्ते या माद्रिदच्या कला अकादमीच्या पदाधिकाऱ्याला लिहिलेले पत्र पाहिले पाहिजे. चित्राचे वर्णन करून तो सांगतो की हे दृश्य मी सारागोसात पाहिलेले आहे. साक्षीदाराचा जबाब असतो तसे ते वाक्य आहे.

१७९९ मध्ये त्याने ‘काप्रिचोस’ हा ८० छापचित्रांचा संच विक्रीला काढला. त्यातले ४३ वे चित्र सर्वांना ठाऊक असते: मेजावर डोके टेकून झोपलेला माणूस, मागून झेपावणारी घुबडे आणि वटवाघळे, आणि मेजाच्या बाजूवर लिहिलेले ‘विवेकाची झोप राक्षसांना जन्म देते’. हे वाक्य वेडाच्या बाजूने उद्धृत करणारे पुष्कळ भेटतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असलेल्या हस्तलिखित टिपणात या चित्रावरचे भाष्य पुरे केलेले आहे: विवेकाने टाकलेली कल्पनाशक्ती अशक्य राक्षसांना जन्म देते, आणि तीच विवेकाशी जोडलेली असली तर कलांची माता होते. उत्तरार्ध गाळून पूर्वार्ध भिंतीवर लावण्याची चाल मात्र अजून चालू आहे.

म्हातारपणी माद्रिदबाहेरच्या घराच्या भिंतींवर त्याने जी १४ ‘काळी चित्रे’ रंगवली, ती तर वेडाचा पुरावा म्हणूनच दाखवली जातात. त्या घराला ‘बहिऱ्याची वाडी’ म्हणत, आणि हा बहिरा म्हणजे गोया असेच सर्वांना वाटते. वास्तविक ते नाव आधीच्या एका बहिऱ्या मालकावरून पडलेले होते. चित्रांना गोयाने नावे दिली नाहीत, ती इतरांनी दिली. १८७४ नंतर ती भिंतींवरून काढून कापडावर चढवण्यात आली, त्यात रंग गेला, डागडुजी झाली, आणि आज प्रादोत दिसते ते पुष्कळ अंशी त्या डागडुजीतून उरलेले आहे. ज्या वर्षांत तो हे रंगवत होता त्याच वर्षांत, १८२० मध्ये, त्याने अकादमीत जाऊन संविधानाशी निष्ठेची शपथ घेतली, आणि आपल्याला मरणाच्या दारातून परत आणणाऱ्या आर्रिएता या वैद्यासह स्वतःचे एक चित्र काढून त्याखाली कृतज्ञतेच्या ओळी लिहिल्या. पुढे बोर्दोमध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या वेळी नव्याच असलेल्या शिळाछापाच्या तंत्रात त्याने बैलझुंजींची मोठी चित्रे केली. विवेक सुटलेल्या माणसाचा हा दिनक्रम नाही.

या सगळ्या काळात दंतकथेविरुद्ध सर्वांत स्वच्छ आवाज एका निबंधकाराचा आहे. चार्ल्स लॅमने १८२६ मध्ये लिहिले की खरी प्रतिभा ही शहाणपणाचीच परमावधी असते, आणि वेडा शेक्सपियर कल्पनेतही आणता येत नाही. हे खुर्चीत बसून सुचलेले मत नव्हते. तो स्वतः १७९५-९६ च्या हिवाळ्यात सहा आठवडे हॉक्स्टनच्या वेड्यांच्या घरात राहिलेला होता, आणि १७९६ च्या सप्टेंबरात त्याची बहीण मेरी हिने भ्रमाच्या भरात आईला सुरीने ठार केले होते. लॅमने बहिणीची जबाबदारी अंगावर घेतली आणि ती जन्मभर निभावली. पुन्हा झटका येण्याची चाहूल लागली की दोघे भावंडे हातात हात घालून, रडत, पायीच रुग्णालयाची वाट धरीत. वेड ज्याच्या घरात नांदत होते त्याने त्याचे कौतुक केलेले नाही, याला माझ्या लेखी शंभर तास्सोंहून अधिक वजन आहे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण थोडे नंतरचे आहे, आणि ते टाळणे बरे नाही. रिचर्ड डॅड हा रॉयल अकादमीत शिकलेला, हुशार आणि मनमिळाऊ चित्रकार. १८४२-४३ मध्ये तो इजिप्तपर्यंत प्रवासाला गेला, तेथून परतताना त्याचे मन बिघडले, ओसायरिस देव आपल्याला आज्ञा देतो असे त्याला वाटू लागले, आणि १८४३ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या वडिलांचा खून केला. उरलेले सारे आयुष्य, १८८६ पर्यंत, आधी बेडलम आणि १८६४ पासून ब्रॉडमूर या वेड्यांच्या रुग्णालयांत गेले. तेथे त्याने पुष्कळ चित्रे काढली, आणि त्यांतले ‘परीलोकातील लाकूडतोड्याचा अचूक घाव’ हे ५४ बाय ३९ सेंटिमीटरचे चित्र, जे त्याने रुग्णालयाचे कारभारी हेडन यांच्यासाठी जवळजवळ नऊ वर्षे रंगवले, आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गवताच्या पात्यांच्या जाळीमागे डझनावारी बुटकी माणसे गोळा झाली आहेत, आणि मधोमध पाठमोरा लाकूडतोड्या एक हेझलनट फोडण्यासाठी कुऱ्हाड उगारून उभा आहे.

हे चित्र वेडाने दिले, असे म्हणावेसे वाटते खरे. पण डॅडने झोपलेल्या टायटेनिया या पऱ्यांच्या राणीचे चित्र १८४१ मध्येच, आजाराआधी, प्रदर्शनात लावलेले होते. पऱ्या हा त्याचा मूळचाच विषय. रेखाटनाची सफाई अकादमीतली आहे. रुग्णालयाने दिला तो वेळ, आणि रंगसाहित्य देणारे, चित्र मागणारे दोन समंजस अधिकारी, एक हेडन आणि दुसरे डॉ. हूड. त्याच्या भ्रमांनी चित्रात काही घातलेच नसेल असे मी म्हणणार नाही. ज्या हट्टाने तो तसूतसू रंगवत गेला, त्या हट्टात आजाराचा वाटा असू शकतो. पण वडिलांचा जीव ज्या भ्रमात गेला तो भ्रम आणि गवताचे एकेक पाते पुढच्या पात्यावरून नेणारा हात, या दोहोंना एकच नाव द्यायला मी तयार नाही. ब्रॉडमूरला हलवल्यावर ते तेलचित्र मागे राहिले, काही भाग रंगवायचा तसाच राहून गेला होता. तेव्हा डॅडने त्याची जलरंगातली आवृत्ती केली, आणि १८६५ च्या जानेवारीत एक लांबलचक पद्य लिहून त्यात चित्रातली आकृती न् आकृती कोण आहे आणि तेथे काय करते आहे, याची नोंद करून ठेवली.